करारात ईसीआर पासपोर्टवाल्यासाठीही कलम लिहा

प्रति,
आखाती सहकार्य परिषदेशी मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी करणारे भारतीय शिष्टमंडळ,
वाणिज्य व उद्योग मंत्रालय, नवी दिल्ली,
तसेच परदेशी नोकरीस जाणाऱ्या भारतीयांचे काम पाहणारे परराष्ट्र मंत्रालयातील अधिकारी यांस

विषय: आखातात मजुरीला जाणाऱ्या, ईसीआर म्हणजे परदेशी नोकरीला जाण्यापूर्वी सरकारी परवानगी लागणारा पासपोर्ट असलेल्या भारतीयांचे हक्क व्यापार कराराच्या मजकुरात आणण्याबाबत

महोदय, महोदया,

मी रत्नागिरी जिल्ह्यातला. आयुष्यातली सतरा वर्षे आखातातल्या बांधकामांवर टाइमकीपर म्हणून काढली. पहाटे कॅम्पवरून सुटणाऱ्या बसमध्ये कोण चढले, साइटवर कोण उतरले, किती तास काम झाले, ओव्हरटाइम किती, आजारी कोण, याची नोंद ठेवायची आणि महिनाअखेरीस ती पगाराच्या हिशेबासाठी ऑफिसला द्यायची, एवढेच ते काम. परत आल्यापासून आमच्या आणि आसपासच्या गावांतली मुले कागद घेऊन माझ्याकडे येतात. कुणाला करार वाचून हवा असतो, कुणाचा पगार तिकडे अडकलेला असतो, कुणाच्या घरच्यांना मृतदेहासोबत आलेल्या अरबी कागदावर काय लिहिले आहे ते समजून घ्यायचे असते. गेल्या काही वर्षांत हे कागद वाचता वाचता मी आपले व्यापार करारही वाचू लागलो, आणि त्या वाचनातून जे मनात साचले ते आपल्यापुढे मांडत आहे.

आमच्या जिल्ह्यातून आखाताकडे हापूसही जातो आणि माणूसही जातो. हापूसला साऱ्या जगाने मान्य केलेल्या शुल्क-वर्गीकरणात ०८०४ या शीर्षकाखाली स्वतःची जागा आहे. करार झाला की त्या क्रमांकापुढे आयात शुल्क किती, ते कधी कमी होणार, माल भारतातलाच आहे हे कोणत्या दाखल्याने सिद्ध करायचे आणि वाद झाला तर कोणापुढे जायचे, हे सगळे लिहून ठेवलेले असते. पेटी अडकली तर निर्यातदाराला दाखवायला कलम असते. त्याच हंगामात त्याच विमानतळावरून निघालेल्या आमच्या स्टील फिक्सरचा, म्हणजे सळ्या बांधणाऱ्याचा, पगार अडकला, तर त्याला दाखवायला तिकडच्या कफीलाच्या, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा असतो त्या मालकाच्या, मर्जीपलीकडे आणि आपल्या दूतावासाच्या सदिच्छेपलीकडे काही नसते.

व्यापार करारात माणसांचा उल्लेखच नसतो, असे मी म्हणत नाही. १ जानेवारी १९९५ पासून लागू झालेल्या सेवा व्यापाराच्या सर्वसाधारण करारात सेवा पुरवण्याचे चार प्रकार मानलेले आहेत आणि चौथा प्रकार माणसाने स्वतः दुसऱ्या देशात जाऊन सेवा देण्याचा आहे. या चौथ्या प्रकारासाठी भारत गेली तीन दशके आग्रहाने भांडत आला आहे आणि त्याची फळेही दिसू लागली आहेत. २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनशी झालेल्या करारात दरवर्षी १,८०० पर्यंत आचारी, योगशिक्षक आणि शास्त्रीय संगीतकारांना वाट मोकळी झाली. त्यासोबतच्या व्यवस्थेनुसार तिकडे तात्पुरते पाठवलेल्या भारतीय कर्मचाऱ्यांना आणि त्यांच्या कंपन्यांना तीन वर्षे ब्रिटनच्या सामाजिक सुरक्षेची वर्गणी भरावी लागणार नाही. डिसेंबर २०२५ मध्ये ओमानशी झालेल्या करारात कंपनीअंतर्गत बदलीवर जाणाऱ्यांची मर्यादा २० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेली गेली आणि कंत्राटी सेवा पुरवठादारांचा मुक्काम ९० दिवसांवरून दोन वर्षांपर्यंत वाढला. या गोष्टी मिळवायला आपण किती घासाघीस केली असेल याची मला कल्पना आहे, आणि ज्यांना त्या मिळाल्या त्यांच्याबद्दल माझ्या मनात आनंदच आहे.

परंतु याच चौथ्या प्रकाराला एक परिशिष्ट जोडलेले आहे. दुसऱ्या देशाच्या रोजगाराच्या बाजारात शिरू पाहणाऱ्या व्यक्तींसंबंधीच्या उपायांना हा करार लागू होत नाही, असे ते परिशिष्ट सांगते. भारतीय कंपनीने मस्कतला पाठवलेला अभियंता 'सेवा' देतो, म्हणून तो व्यापाराचा विषय होतो. त्याच इमारतीवर ओमानी मालकाकडे थेट नोकरीला लागलेला खेडचा गवंडी 'नोकरी' करतो, म्हणून तो व्यापाराबाहेर राहतो. दोघांचा घाम एकाच भिंतीत मुरतो, पण कायद्याच्या दृष्टीने एकाला दार आहे आणि दुसऱ्याला नाही. आखाती सहकार्य परिषदेच्या सहा देशांत राहणाऱ्या सुमारे नव्वद लाख भारतीयांपैकी फार मोठा भाग या दुसऱ्या माणसाचा आहे. दहावी पास नसल्यामुळे ज्याच्या पासपोर्टला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परवानगीची अट लागते, ज्याला सगळे ईसीआरवाला म्हणतात, तो हाच.

मजकुरात नसलेला हा माणूस वाटाघाटीच्या खोलीत मात्र नेहमी बसलेला असतो. कधी तो आपल्याविरुद्धचे वजन होऊन बसतो, कधी आपणच त्याला वजन म्हणून वापरतो. या पत्रामागची माझी मुख्य चिंता तीच आहे.

कामगारांच्या जिवावर देशाला कसे वाकवले जाते, याची उदाहरणे जुनी आहेत आणि ती आखातातही घडलेली आहेत. इराकने कुवेत घेतल्यावर येमेनने सौदी अरेबियाला रुचेल अशी भूमिका घेतली नाही, तेव्हा १९९० च्या उत्तरार्धात येमेनी कामगारांच्या सवलती काढून घेण्यात आल्या आणि सुमारे ८ लाख लोकांना थोड्या महिन्यांत सौदी अरेबिया सोडावा लागला. ज्यांनी दुकाने थाटली होती, ज्यांची मुले तिथेच जन्मली होती, त्यांनाही गाशा गुंडाळावा लागला. २००६ मध्ये रशिया आणि जॉर्जिया यांच्यात बिनसले तेव्हा रशियाने आधी जॉर्जियाची वाइन आणि खनिज पाणी बंद केले आणि त्याच वर्षी हेरगिरीच्या प्रकरणावरून वाद पेटल्यावर रशियातल्या जॉर्जियन माणसांची धरपकड सुरू केली. दोन हजारांहून अधिक लोक पकडून परत धाडले गेले, काहींना तर मालवाहू विमानातून नेले. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने २०१४ मध्ये ही सामूहिक हकालपट्टी बेकायदा ठरवली आणि २०१९ मध्ये एक कोटी युरोंची भरपाई द्यायला सांगितले. मालावरची बंदी आणि माणसांची हकालपट्टी एकाच वर्षात, एकाच भांडणात, एकाच सरकारने वापरली, हे मला त्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचे वाटते. ज्या देशाचा माल आणि माणसे दोन्ही एकाच शेजाऱ्याकडे जातात, त्याला हे दोन्ही बाजूंनी झोंबते.

आपल्या बाबतीत इतके टोकाचे घडलेले नाही, पण हात पिरगाळण्याचा अनुभव आपल्यालाही आहे. मे २०२१ मध्ये ब्रिटनशी वाढीव व्यापार भागीदारी जाहीर झाली त्याच दिवशी स्थलांतराचा करारही झाला. त्यात वर्षाला ३,००० तरुणांना संधी होती आणि कागदपत्रांविना राहणाऱ्या भारतीयांना परत घेण्याची जबाबदारीही होती. पुढे ऑक्टोबर २०२२ मध्ये, दिवाळीपर्यंत व्यापार करार करण्याचे लक्ष्य असताना, तिथल्या गृहमंत्री सुएला ब्रेव्हरमन यांनी व्हिसाची मुदत संपूनही राहणाऱ्यांत भारतीय सर्वाधिक असल्याचे सांगून करारावरच शंका घेतली, आणि ते लक्ष्य हुकले. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावले, तेव्हाही आपल्या मालावरच्या वाढीव आयात शुल्काचा प्रश्न मिटलेला नव्हता. त्या वेळी देशभर चर्चा झाली, वर्तमानपत्रांनी अग्रलेख लिहिले, मंत्र्यांनी निवेदने केली. ते योग्यच होते. आमच्या स्टील फिक्सरचा व्हिसा एखाद्या दिवशी बंद झाला तर त्याच्या वाट्याला एवढी चर्चा येत नाही, एवढेच मला सुचवायचे आहे.

आता मला जे सर्वांत जास्त लागले ते सांगतो. परदेशी मजुरीसाठी आपले सरकार देशागणिक किमान संदर्भ वेतन ठरवते. त्याच्या खालच्या पगारावर ईसीआरवाल्याला पाठवायचे नाही, असा त्याचा अर्थ. सप्टेंबर २०२० मध्ये परिपत्रके काढून हे वेतन ३० ते ५० टक्क्यांनी खाली आणले गेले. अमिराती, कतार, ओमान आणि बहरीन यांच्यासाठी ते महिना २०० डॉलरवर आले. महामारीत भारतीयांच्या नोकऱ्या टिकाव्यात, शेजारी देशांच्या स्वस्त मजुरांपुढे आपण मागे पडू नये, असा त्यामागचा विचार सांगितला गेला. माझ्या ओळखीतला एक शटरिंग कारपेंटर तेव्हा अकरा वर्षांच्या नोकरीनंतर नव्या कराराची वाट पाहत होता. मालकाने त्याला सांगितले, तुमचे सरकारच आता एवढे मान्य करते, मग मी जास्त का देऊ? या वाक्याला त्याच्यापाशी उत्तर नव्हते, आणि माझ्यापाशीही नव्हते. तेलंगणा उच्च न्यायालयात याचिका झाली, संसदेत प्रश्न विचारले गेले, आणि जुलै २०२१ मध्ये ती परिपत्रके मागे घेतली गेली. सरकारने चूक सुधारली याचे मला समाधान आहे. पण त्या दहा महिन्यांत ज्यांनी सह्या केल्या त्यांचे करार दोन-दोन वर्षांचे होते.

त्या प्रसंगातून मी एवढेच शिकलो की माणसाला बाजारातला माल समजून त्याची किंमत खाली आणली, की त्याचा फायदा समोरच्यालाच होतो. तांदळावरचे शुल्क घटले तर आपला तांदूळ अधिक विकला जातो आणि शेतकऱ्याला चार पैसे मिळतात. मजुरीचा तळ खाली आणला तर अधिक माणसे जातात, पण प्रत्येकजण कमी घेऊन परत येतो.

माणसे पाठवणाऱ्या देशांनी स्वतःच्याच माणसांचा पत्ता खेळल्याचीही उदाहरणे आहेत, आणि ती आपण लक्षपूर्वक पाहावीत. फेब्रुवारी २०२१ मध्ये कोरोनाची लस मिळेना तेव्हा फिलिपिन्सच्या कामगार खात्याने ब्रिटन आणि जर्मनीपुढे एक प्रस्ताव ठेवला. परदेशी जाणाऱ्या वैद्यकीय कर्मचाऱ्यांवर वर्षाला ५,००० ची मर्यादा होती. लस द्या, आम्ही ही मर्यादा उठवू, असा तो प्रस्ताव होता. ब्रिटनने तो मानला नाही. देश संकटात होता हे मी जाणतो, तरी रुग्णांच्या उशाशी उभ्या राहणाऱ्या नर्सला कुप्यांच्या बदल्यात मोजणे मला पटत नाही. त्यांना जायचे की नाही, हे त्यांना कुणी विचारले होते?

त्याच देशाचे दुसरे उदाहरण मात्र मला वेगळे वाटते. एका घरकामगार स्त्रीचा छळ करून खून झाल्याचे उघड झाल्यावर २०१८ च्या सुरुवातीला फिलिपिन्सने कुवेतला माणसे पाठवणे थांबवले, आणि मे महिन्यात कुवेतशी करार केल्यानंतरच ती बंदी उठवली. पासपोर्ट मालकाने ठेवून घ्यायचा नाही, बाईला स्वतःचा फोन वापरता आला पाहिजे, अशा अटी त्या करारात लेखी आल्या. इंडोनेशियानेही २००९ मध्ये मलेशियाला घरकामगार पाठवणे थांबवून २०११ मध्ये नवा करार करून घेतला. अशा बंद्यांची किंमत मी कमी लेखत नाही. दार बंद झाले की गरजू बाई मागच्या दाराने, दलालाच्या भरवशावर जाते आणि अधिक असहाय होते. तीस वर्षांखालील ईसीआर स्त्रियांना जाऊ न देण्याच्या आपल्या नियमाने हेच घडवले आहे. तरीही या दोन देशांनी लावलेला जोर शेवटी कामगाराच्याच पदरात पडला, तो लशीत, तेलात किंवा शुल्कात विरला नाही. जोर लावावा की नाही याहून तो कशासाठी लावला, हाच मला खरा प्रश्न वाटतो.

म्हणून आपल्याकडे माझी पहिली मागणी अशी आहे की हा जोर उलट दिशेने लावावा. व्यापाराच्या सवलतीसाठी कामगार पुढे करू नये, कामगारासाठी व्यापाराचे वजन वापरावे. हे वजन थोडे नाही. २०२४-२५ मध्ये परिषदेच्या देशांशी आपला व्यापार सुमारे १७८ अब्ज डॉलरचा होता. त्यांना आपला तांदूळ, भाजीपाला, औषधे आणि दागिने हवेत, त्यांच्या तेलाला आपली बाजारपेठ हवी, त्यांच्या गुंतवणूक निधींना आपले रस्ते आणि बंदरे हवीत. ऑगस्ट २००४ मध्ये चौकट करारावर सही होऊन २००६ आणि २००८ मध्ये चर्चेच्या दोन फेऱ्या झाल्या, मग सगळे थंडावले, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये पुन्हा बोलणी करण्याचे ठरले, यावरून दोन्ही बाजूंना हा करार हवा आहे हे स्पष्ट दिसते. ज्याची गरज दोघांनाही आहे, त्यात एक प्रकरण कामगारांसाठी मागणे अवास्तव नाही.

हे कधी कुणी केले आहे का, असे आपण विचाराल. अमेरिकेने केले आहे. जॉर्डनशी २००० साली झालेल्या आणि २००१ च्या अखेरीस लागू झालेल्या करारात अमेरिकेने कामगार हक्कांची कलमे मूळ मजकुरातच घातली. पुढे जॉर्डनच्या कपड्यांच्या कारखान्यांत बांगलादेश, श्रीलंका आणि भारतातून गेलेल्या कामगारांचे हाल २००६ मध्ये उजेडात आले, आणि ही कलमे हाताशी असल्यामुळे तो प्रश्न व्यापाराचा प्रश्न झाला. २००८ पासून आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या साहाय्याने कारखान्यांची नियमित तपासणी सुरू झाली. बहरीन आणि ओमानशी केलेल्या करारांतही अमेरिकेने कामगारांचे प्रकरण ठेवले. त्या काळातच, २००६ मध्ये, ओमानने कामगार संघटनांना परवानगी दिली. या करारांनी कफाला पद्धत, म्हणजे कामगाराचा व्हिसा मालकाशी बांधून ठेवण्याची पद्धत, संपली, असा दावा मी करणार नाही, ती संपलेली नाही. परंतु मस्कतच्या किंवा मनामाच्या परांचीवर अमेरिकेची माणसे क्वचितच दिसतात. तिथे आमची माणसे दिसतात. मग ते प्रकरण अमेरिकेच्या करारात असावे आणि आपल्या करारात नसावे, याची संगती मला लागत नाही.

आपली अडचण मला ठाऊक आहे. व्यापार आणि कामगार हक्क यांची सांगड घालू नये, हे भारताचे जुने मत आहे. १९९६ च्या सिंगापूर परिषदेत श्रीमंत देश हा विषय जागतिक व्यापार संघटनेत आणू पाहत होते तेव्हा आपण ठाम विरोध केला आणि तो विषय आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेकडे गेला. त्या विरोधामागे भीती होती की कामगार हक्कांच्या नावाखाली आपल्या कापडावर, गालिच्यांवर, कोळंबीवर बंदी येईल. ती भीती खोटी नव्हती. पण तेव्हा आपण स्वतःकडे केवळ माल विकणारा देश म्हणून पाहिले. नव्वद लाख माणसे पाठवणारा देश म्हणून पाहिले असते, तर तीच सांगड आपल्या उपयोगाची आहे हे दिसले असते. शिवाय ती भूमिका आता पूर्वीइतकी घट्टही राहिलेली नाही. ब्रिटनशी केलेल्या करारात आपण कामगारविषयक प्रकरण स्वीकारले आहे. दुसऱ्याने आपल्या कारखान्यांविषयी विचारलेले आपण ऐकून घेतो, तर दुसऱ्याच्या इमारतींवर चढणाऱ्या आपल्या माणसाविषयी विचारण्याचा अधिकार आपणही घ्यावा.

त्या प्रकरणात काय असावे, याविषयी विद्वान अधिक सांगतील. मी माझ्या नोंदवहीतून जे दिसले तेवढे सांगतो.

माझ्या शेवटच्या नोकरीत मुख्य ठेकेदाराने आमच्या कंपनीचे बिल थकवले आणि कंपनीने आमचे पगार. पाच महिने असेच गेले. कॅम्पमधला जनरेटर डिझेलअभावी रात्री बंद राहू लागला, मेसवाल्याने उधारी थांबवली, इकामे, म्हणजे तिथे राहण्याचे परवाने, नूतनीकरणाविना पडून राहिल्यामुळे बाहेर पडायची सोय उरली नाही. अखेर कंपनीने एक अरबी कागद पुढे केला. सही केली की तिकीट मिळणार होते. कागदावर लिहिले होते की माझे या कंपनीकडे काहीही येणे नाही. दोनशेच्या आसपास माणसांनी सह्या केल्या आणि मीही केली. घरी मुलीचे लग्न ठरलेले होते. माझ्याजवळ प्रत्येकाच्या तासांचा हिशेब होता, कुणाचे किती येणे आहे ते मला पैशापर्यंत माहीत होते, आणि तरीही मी त्या कागदावर सही केली, हे मला अजून सलते. परत आल्यावर कळले की तिकडच्या न्यायालयात दावा लावायचा तर तिथे हजर राहायला हवे, आणि हजर राहायचे तर व्हिसा हवा. महामारीत मे २०२० पासून सुटलेल्या विमानांतून आलेल्या कितीतरी जणांनी मला हीच कथा सांगितली आहे.

तेव्हा पहिली गोष्ट थकलेल्या पगाराची. कामगार देश सोडून गेला तरी त्याचा दावा संपू नये, भारतीय दूतावासाला दिलेल्या मुखत्यारपत्रावर तो चालावा, ठरावीक मुदतीत निकाल लागावा, आणि परतीच्या तिकिटाच्या बदल्यात घेतलेली हक्कसोड निरर्थक मानावी. यासाठी लागणारी यंत्रणा तिथे काही प्रमाणात तयारही आहे. पगार बँकेतूनच द्यायची पद्धत अमिरातीने २००९ पासून आणली. २०१८ मध्ये तिथे थकीत देण्यांसाठी विम्याची योजना आली आणि त्याच वर्षी कतारने कामगारांसाठी साहाय्य निधीचा कायदा केला. २०२० मध्ये कतारने नोकरी बदलताना जुन्या मालकाच्या संमतीची अट काढली आणि मार्च २०२१ पासून सर्वांना महिना १,००० रियालचे किमान वेतन लागू केले. या सुधारणांचे श्रेय त्या त्या सरकारांना दिलेच पाहिजे. पण त्या त्यांच्या स्वतःच्या फर्मानांनी आल्या आहेत आणि फर्मानाने जाऊही शकतात. करारात लिहिल्यावर त्या मागे घेण्यापूर्वी दुसऱ्या बाजूला विचारावे लागेल. आंब्याच्या शुल्काबाबत आपण हाच आग्रह धरतो, दिलेली सवलत एकतर्फी काढता येऊ नये म्हणून.

दुसरी गोष्ट जाण्याच्या खर्चाची. आपल्या नियमाप्रमाणे एजंटाने ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढेच घ्यायचे आहेत. माझ्याकडे येणाऱ्या मुलांनी लाख, सव्वा लाख मोजलेले असतात. त्यातला काही भाग इकडच्या एजंटाकडे राहतो आणि काही तिकडे व्हिसा विकणाऱ्याकडे जातो. आपले पोलीस आणि आपले कायदे फक्त अलीकडच्या टोकाला पोहोचतात. पलीकडचे टोक केवळ करारानेच बांधता येईल. भरतीचा खर्च मालकाने करायचा आणि कामगाराकडून वसूल झालेली रक्कम त्याला परत मिळायची, असे दोन्ही देशांनी लिहून दिले तर पहिले वर्ष कर्ज फेडण्यात जाणार नाही. कर्ज डोक्यावर असलेला माणूस छळ सोसत राहतो, हे मी कॅम्पमध्ये रोज पाहिले आहे. पासपोर्ट कपाटात बंद असण्यापेक्षा सावकाराचे व्याज त्याला अधिक घट्ट बांधून ठेवते.

ग्रॅच्युइटीचेही तसेच. ब्रिटनमध्ये तात्पुरते जाणाऱ्याची वर्गणी वाचावी म्हणून आपण स्वतंत्र व्यवस्था करून घेतली. आखातात परदेशी मजुराला पेन्शन नसते, नोकरी संपताना मिळणारी ग्रॅच्युइटी हीच त्याची म्हातारपणाची शिदोरी. अमिरातीत पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार असा तिचा हिशेब आहे, आणि म्हणूनच अनेक मालक मूळ पगार मुद्दाम कमी दाखवतात, बाकीचे भत्त्यांत टाकतात. ही रक्कम वेगळ्या खात्यात दरमहा जमा व्हावी आणि कामगाराने मालक बदलला किंवा मायदेशी परतला तरी त्याची राहावी, एवढे मागता येईल.

आणि एक कलम असे हवे की व्यापारातल्या किंवा राजकारणातल्या वादावरून कोणतीही बाजू कामगारांचे व्हिसे सरसकट थांबवणार नाही, त्यांना सामूहिकरीत्या हाकलणार नाही, आणि आधीच तिथे असलेल्यांच्या अटी बिघडवणार नाही. हे कलम सर्वांत अवघड जाईल. पण येमेनी आणि जॉर्जियन कामगारांची आठवण ठेवून सांगतो, ते असले तर पुढच्या प्रत्येक वाटाघाटीत आपल्या प्रतिनिधींच्या मानेवरचे ओझे हलके होईल. आपली माणसे तिकडे आहेत म्हणून आपण अमुक बोलू नये, हा विचार मग कुणाला करावा लागणार नाही.

यावर एक आक्षेप मी स्वतःच नोंदवतो, कारण तो खरा आहे. आपण अटी घातल्या तर मालक नेपाळ, बांगलादेश किंवा आफ्रिकेकडे वळतील. काही प्रमाणात वळतीलही. म्हणूनच ही मागणी एकट्याने करण्याची नाही. माणसे पाठवणाऱ्या आशियाई देशांचा कोलंबो प्रोसेस हा मंच २००३ पासून आहे, आणि २०२४ मध्ये त्याचे अध्यक्षपद प्रथमच भारताकडे आले. नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका, फिलिपिन्स, इंडोनेशिया, पाकिस्तान सगळे त्यात आहेत. पगार, भरतीचा खर्च आणि थकबाकी या तीन बाबींत निदान एक समान तळ सर्वांनी मिळून ठरवला, तर एकाला दुसऱ्याविरुद्ध स्वस्त करण्याचा मार्ग बंद होईल. कॅम्पमधल्या एकाच खोलीत मी दापोलीचा, नेपाळातल्या चितवनचा आणि बांगलादेशातल्या सिल्हेटचा माणूस एका चुलीवर भाकरी, भात आणि मासळी करताना पाहिले आहेत. त्यांच्यात ही स्पर्धा नव्हती.

शेवटी थोडे आपल्या राज्याविषयी. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत परदेशातून येणाऱ्या पैशांपैकी २०.५ टक्के महाराष्ट्रात येतात असे दिसले, म्हणजे केरळपेक्षाही अधिक. आखाती देशांचा देशाच्या एकूण रकमेतला वाटा अजूनही सुमारे ३८ टक्के आहे. केरळने आपल्या परदेशस्थ माणसांसाठी गेल्या अनेक दशकांत यंत्रणा उभी केली. म्हसळा, श्रीवर्धन, मंडणगड, खेड, राजापूर या पट्ट्यात घरटी कुणीतरी बाहेर आहे, तरी या वाटाघाटींच्या आधी कोकणातल्या कुणाला काही विचारल्याचे मला माहीत नाही. उद्योगांच्या संघटनांना बोलावून त्यांचे म्हणणे आपण ऐकता. तशीच एक बैठक रत्नागिरीत किंवा मुंबईत, परतलेल्या कामगारांसाठी ठेवावी. त्यात हिंदी, मराठी, उर्दू यांपैकी जी भाषा माणसाला येते तीत बोलू द्यावे, आणि जे बोलले जाईल त्याचे टिपण कराराच्या मसुद्यासोबत ठेवावे.

कंपनीच्या हजेरीपत्रकांच्या ज्या कार्बन प्रती मी निघताना बॅगेत भरून आणल्या, त्या अजून माझ्याकडे आहेत. एकोणीस वह्या आहेत. त्या पाच महिन्यांतले प्रत्येक माणसाचे तास, ओव्हरटाइम आणि न मिळालेली रक्कम त्यांत लिहिलेली आहे. आपण बोलवाल त्या दिवशी मी त्या घेऊन येईन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त टाइमकीपर,
जिल्हा रत्नागिरी